काउबॉय बॅलड ऐकायला सुरुवात कुठून करायची? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

काउबॉय बॅलड म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराख्यांच्या आणि बंदूकबाजांच्या गोष्टी सांगणारी गाणी. कोणी फॉलआउट न्यू वेगास खेळताना गेममधल्या रेडिओवर बिग आयर्न हे गाणं ऐकतं, कोणी ब्रेकिंग बॅडचा शेवटचा एपिसोड बघून एल पासो शोधत येतं, कोणाच्या घरी काकांच्या जुन्या कॅसेटमधे अमेरिकन गायक जॉनी कॅश असतो. वाट कुठलीही असो, पुढचा घोळ सगळ्यांचा सारखाच. ते एक गाणं डोक्यात पक्कं बसतं, मग असलंच अजून काहीतरी पाहिजे म्हणून ॲपवर शोधायला जावं तर एकतर पिकअप ट्रक आणि बिअरची गाणी सुरू होतात, नाहीतर सिनेमातल्या शिट्ट्या आणि घंटा, आणि माणूस कंटाळून नाद सोडतो.

मी संगीत शिकलेला वगैरे नाही, नुसता ऐकणारा आहे. पण बरंच ऐकून झाल्यावर एक क्रम जमलाय ज्याने नवीन माणूस लवकर रमतो, तो इथे देतोय. सगळ्या पायऱ्यांमधे एक प्रश्न मात्र सतत खिशात ठेवा: ही गोष्ट सांगतंय कोण? मरणारा माणूस, बघणारा माणूस, का वर्षांनंतर आठवून सांगणारा कोणी. या गाण्यांची निम्मी मजा तिथे आहे.

काय काय लागेल

- कुठलंही म्युझिक ॲप. यूट्यूब चालेल, स्पॉटिफाय चालेल, फुकटवालं असलं तरी चालेल, फक्त मधे जाहिरात आली की गोष्ट तुटते.
- साधे हेडफोन. बेस भारी पाहिजे वगैरे काही नाही, ही सगळी आवाज आणि गिटारची रेकॉर्डिंग आहेत.
- गाण्याचे शब्द समोर उघडलेले. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी पहिल्यांदा निम्मे शब्द निसटतात.
- फोनवर नकाशा. टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅन्सस एवढी चार राज्यं सापडली की काम झालं.
- सलग चाळीसेक मिनिटं, ज्यात फोन कोणी करणार नाही.

1. आधी शोधायचं काय ते नक्की करा

आपल्याकडे वेस्टर्न म्युझिक म्हटलं की लोकांना बीथोव्हेनपासून बीटल्सपर्यंत सगळं वाटतं, त्यामुळे तो शब्द टाकून शोधलंत तर पियानोचे क्लास सापडतील. आणि नुसतं कंट्री टाकलंत तर नॅशविलचं आजचं कंट्री येईल, त्यात घोडा क्वचितच असतो. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाने 1949 मधे लोकप्रिय गाण्यांच्या चार्टचं नाव कंट्री अँड वेस्टर्न केलं आणि 1962 मधे त्यातलं वेस्टर्न काढून टाकलं, तेव्हापासून हा घोळ चालूच आहे. ढोबळमानाने कंट्री आलं अमेरिकेच्या आग्नेयेकडच्या डोंगरांतून, चर्च, घर, दारू, तुटलेलं प्रेम असं सगळं घेऊन. वेस्टर्न आलं मिसिसिपीच्या पलीकडच्या माळरानातून, त्यात गुरं, घोडे, वाळवंट, बंदूक आणि लांबचा प्रवास.

शोधताना काउबॉय साँग्ज, गनफायटर बॅलड्स, ट्रेल साँग्ज किंवा सिंगिंग काउबॉय असे शब्द रोमन लिपीत टाका, किंवा माइक दाबून सरळ बोला.

तयार प्लेलिस्टपासून मात्र सांभाळून, निदान सुरुवातीला. बऱ्याच प्लेलिस्टमधे मूळ रेकॉर्डिंगऐवजी त्याच गायकाने म्हातारपणी परत गायलेलं व्हर्जन असतं, स्वस्तातल्या बेस्ट ऑफ कलेक्शनमधे तर हमखास. कव्हरवर आणि खाली बारीक अक्षरात मूळ कंपनी आणि साल दिसतंय का बघा. दिसत नसेल तर दुसरं शोधा.

2. एकच अल्बम घ्या आणि पूर्ण ऐका

तो अल्बम म्हणजे मार्टी रॉबिन्सचा गनफायटर बॅलड्स अँड ट्रेल साँग्ज, 1959. यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही, सुरुवात इथूनच करा. मार्टी रॉबिन्स ॲरिझोनाच्या ग्लेनडेलचा, जन्म 1925 चा, आणि लहानपणी आजोबांकडून पश्चिमेच्या गोष्टी ऐकत वाढलेला. एरवी तो पॉपही गायचा, हवाईयन गाणीही गायचा, पण हा अल्बम त्याने स्वतःच्या हौसेने केला आणि नॅशविलमधे एका दिवसात सगळा रेकॉर्ड करून मोकळा झाला. बारा गाणी आहेत. आवाज इतका स्वच्छ आणि शांत आहे की माणसं मरतायत हे आपल्याला जरा उशिरा लक्षात येतं.

ऐकायचं कसं? आपण पोवाडा ऐकायला बसतो तसं बसा. चाल तीच तीच परत येणार आहे, वाद्यं कमी आहेत, सगळं लक्ष शाहीर काय सांगतोय तिकडे. फरक एवढाच की पोवाड्यात बहुतेक वेळा जिंकणाऱ्याचं किंवा शूराचं कौतुक असतं आणि इथे बऱ्याचदा हरलेला माणूस स्वतःच गातो.

पहिलं गाणं बिग आयर्न. आयर्न म्हणजे इथे पिस्तूल. आग्वा फ्रिया नावाच्या गावात एक अनोळखी माणूस येतो, तो ॲरिझोना रेंजर आहे, म्हणजे तिथल्या पोलिसांतला, आणि तो टेक्सस रेड नावाच्या चोवीस वर्षांच्या खुनी पोराला पकडायला आलाय ज्याच्या पिस्तुलावर वीस खुणा आहेत, म्हणजे वीस खून. ॲरिझोना रेंजर्स खरोखर होते, 1901 मधे स्थापन झाले आणि 1909 मधे बंद केले, म्हणजे हे दल जेमतेम आठ वर्षांचं. गोष्ट सांगणारा इथे गावातला कोणीतरी आहे, लांबून बघणारा. म्हणूनच प्रत्यक्ष गोळीबार दोन ओळींत संपतो आणि त्याच्या आधीची कुजबुज मात्र कितीतरी कडवी चालते. गाव घाबरून बघतंय, शेवटची ओळ कोरस परत म्हणतो, तेही गावच म्हणतंय असं वाटतं.

दुसरं कूल वॉटर. वाळवंटात एक माणूस आणि त्याचं डॅन नावाचं खेचर, पाणी नाही, आणि मृगजळ दिसतंय. बास, एवढंच. लिहिलंय बॉब नोलनने, त्याच्याकडे पुढे येऊ.

मग बिली द किड येतो. हा खरा माणूस, 1881 च्या जुलैमधे न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला शेरीफ पॅट गॅरेटने त्याला गोळी घातली. गाण्यात त्याने एकवीस माणसं मारल्याचं येतं, वय एकवीस म्हणून माणसंही एकवीस असा तो हिशोब, खरा आकडा बराच कमी. अशा ठिकाणी इतिहासाची वही काढून बसू नका, गाण्याला जुळणारा आकडा लागतो.

पुढचं गाणं 160 एकरवालं, त्यात कोणी मरत नाही, एक माणूस आपल्या 160 एकर जमिनीवर खुश आहे. आकडा कुठून आला? 1862 च्या होमस्टेड कायद्याने सरकार एवढीच जमीन द्यायचं, पाच वर्षं तिथे राहून कसली की नावावर. ती जमीन आधी कोणाची होती हे गाणं सांगत नाही. हे अशा गाण्यांमधे सतत होतं, ऐकताना लक्षात असू द्या.

बाकीचीही सगळी ऐका पण तीनांकडे खास लक्ष. दे आर हँगिंग मी टुनाइट हे फाशीच्या आदल्या रात्रीचं, स्वतः कैदी सांगतोय. रनिंग गन हे पळणाऱ्या बंदूकबाजाचं. युटा कॅरलमधे लाल ब्लँकेटमुळे गुरं बिथरतात आणि मालकाच्या मुलीला वाचवताना काउबॉय जातो. मधे स्ट्रॉबेरी रोन हे विनोदी गाणं आहे, एका घोड्यावर कोणालाच बसता येत नाही त्याची फजिती, ते आलं की जरा हुश्श वाटतं.

3. एल पासोसाठी वेगळा वेळ काढा

त्याच अल्बममधलं हे गाणं पण याला स्वतंत्र पायरी द्यावी लागते. त्या काळी रेडिओवर अडीच-तीन मिनिटांच्या वर गाणं गेलं की लोक नाक मुरडायचे आणि हे साडेचार मिनिटांच्या वर. कंपनीने रेडिओवाल्यांना पाठवलेल्या रेकॉर्डवर एका बाजूला कापलेलं आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण अशी दोन्ही व्हर्जन दिली होती, लोकांनी पूर्णवालंच उचललं. जानेवारी 1960 मधे ते कंट्री आणि पॉप दोन्ही चार्टवर पहिल्या नंबरवर होतं आणि पुढे ग्रॅमीही मिळालं. तुम्हीही लांबी बघूनच लावा, तीन मिनिटांचं दिसलं तर ते कापलेलं.

गोष्ट: टेक्ससमधल्या एल पासो गावी रोझाच्या कॅन्टिनात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, फेलिना नाचते, एक काउबॉय तिच्या प्रेमात. दुसरा एक देखणा तरुण येतो, मत्सर, गोळी, तो तरुण मरतो. आपला काउबॉय मागच्या दाराने पळतो, घोडा चोरतो, न्यू मेक्सिकोच्या उजाड भागात जातो. पण राहवत नाही. परत येतो, येताना गोळ्या लागतात, आणि तिच्या कुशीत मरतो. आता खिशातला प्रश्न काढा. सांगतंय कोण? तोच. म्हणजे मेलेला माणूस आपल्याला गोष्ट सांगतोय आणि शेवटच्या कडव्यापर्यंत आपल्याला ते कळू देत नाही. काळही बघा, सुरुवात भूतकाळात आहे आणि तो परत निघतो तिथून हळूच वर्तमानकाळ सुरू होतो.

गिटार ग्रेडी मार्टिनची आहे. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द पूर्ण सोडून द्या आणि नुसती ती गिटार ऐका. गायकाच्या ओळी संपतात तिथे ती मेक्सिकन ढंगात उत्तर देते, आणि तीनच्या ठेक्यात गाणं असं डुलत राहतं की एवढा रक्तपात वॉल्ट्झमधे चाललाय हे विसरायला होतं.

आवडलं तर याचे पुढचे दोन भागही आहेत, बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1966 मधे आलेलं फेलिना, आठ मिनिटांच्या वर, त्यात तीच गोष्ट तिच्या बाजूने, तिच्या जन्मापासून. आणि 1976 चं एल पासो सिटी, त्यात गाणारा विमानातून एल पासोवरून जातोय, त्याला ते जुनं गाणं आठवतं आणि वाटायला लागतं की मागच्या जन्मी तो काउबॉय मीच तर नव्हतो. पुनर्जन्म! आपल्या प्रेक्षकांना यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही. तेही कंट्री चार्टवर पहिलं आलं. माझं मत विचाराल तर फेलिना जरा लांबलंय, एल पासो सिटी मात्र चुकवू नका. क्रम मोडू नका हं, 1959, 1966, 1976 असंच.

4. एवढे शब्द पाठ करा

डोगी म्हणजे आई नसलेलं वासरू, कुत्र्याशी संबंध नाही. रेमुडा म्हणजे बरोबर नेलेल्या जादा घोड्यांचा कळप आणि तो सांभाळणारा पोऱ्या म्हणजे रँगलर. स्टॅम्पीड म्हणजे गुरं बिथरून उधळणं. चक वॅगन ही स्वयंपाकाची गाडी. रोन आणि पेंट हे घोड्यांचे रंग, रोन म्हणजे अंगभर पांढरे केस मिसळलेला आणि पेंट म्हणजे मोठे ठिगळासारखे डाग असलेला. अरोयो म्हणजे एरवी कोरडा असलेला ओढा. यातले बरेच शब्द स्पॅनिश आहेत कारण गुरं राखायची ती सगळी पद्धत, दोर, खोगीर, कपडे, मेक्सिकोच्या वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या गुराख्यांकडून, आलेली आहे.

5. आता मागे जा, खऱ्या ट्रेलवर

मार्टी रॉबिन्स ऐकून झाल्यावर साहजिकच वाटतं की काउबॉय खरंच असं गायचे का. तर असं नाही, पण गायचे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर 1866-67 पासून टेक्ससमधली गुरं चालवत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचा धंदा सुरू झाला, ती वाट म्हणजे ट्रेल. एका कळपात दोन-तीन हजार गुरं, दहा-बारा माणसं, दिवसाला दहा-पंधरा मैल, असे दोन-तीन महिने. काटेरी तारेचं पेटंट 1874 चं, मग कुंपणं आली, रेल्वे टेक्ससमधेच पोचली, आणि वीसेक वर्षांत हे सगळं आटोपलं. एवढ्याशा काळावर सगळं जग अजून सिनेमे काढतंय.

रात्री गुरं बसली की दोन-दोन जण पाळीने कळपाभोवती उलट-सुलट दिशेने घोड्यावरून फिरायचे आणि फिरताना गात राहायचे. हौस म्हणून नाही. ओळखीचा संथ आवाज चालू असला की गुरं शांत राहतात, आणि अंधारात अचानक काहीतरी खुट्ट झालं की उधळतात. म्हणून त्या गाण्यांचा वेग घोड्याच्या चालीचा, आणि कडवी कितीही, कारण पाळी दोन तासांची असायची. वाद्य बिद्य काही नाही, घोड्यावर गिटार कोण सांभाळणार. जुनी रेकॉर्डिंग कंटाळवाणी वाटली तर हे आठवा, ती गुरांसाठी होती.

इथे तीन गाणी पुरे.

पहिलं व्हेन द वर्क्स ऑल डन धिस फॉल. मोंटानात गुरं राखलेल्या डी. जे. ओमॅलीची 1893 ची कविता, टेक्ससच्या कार्ल स्प्रेगने 1925 मधे रेकॉर्ड केली. हंगाम संपला की आईला भेटायला जाणार म्हणणारा पोरगा त्याच रात्री स्टॅम्पीडमधे जातो. रेकॉर्डिंग खरखरीत आहे, एकदा नेटाने ऐका.

दुसरं गुडबाय ओल्ड पेंट. हे जेस मॉरिसच्या नावाने पोचलं पण त्याने ते शिकलं होतं चार्ली विलिस नावाच्या काळ्या काउबॉयकडून, जो गुलामगिरीत जन्मलेला होता. ट्रेलवरच्या माणसांत काळे आणि मेक्सिकन मिळून संख्या चांगली मोठी होती, पडद्यावर ते दिसत नाहीत एवढंच.

तिसरं स्ट्रीट्स ऑफ लरेडो, आणि याच्यावर मी तासभर बोलू शकतो. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तरुण काउबॉय रस्त्यात भेटलेल्या माणसाला सांगतो की मी मरतोय, माझ्या अंत्ययात्रेत ढोल हळू वाजवा, बासरी हळू वाजवा. आता काउबॉयच्या मयताला ढोल आणि बासरी कुठून येणार? ती आलीत ब्रिटन-आयर्लंडमधल्या जुन्या गाण्यातून, ज्यात मरणारा सैनिक असायचा आणि तो मरायचा गुप्तरोगाने. समुद्र ओलांडून गाणं टेक्ससला आलं, सैनिकाचा काउबॉय झाला, रोगाच्या जागी गोळी आली, पण लष्करी इतमाम तसाच राहून गेला, कोणी बदललाच नाही. सेंट जेम्स इन्फर्मरी हे जॅझवाल्यांचं प्रसिद्ध गाणंही याच घराण्यातलं. जॉनी कॅशने हे 1965 मधे गायलं आणि परत 2002 मधे, म्हणजे जायच्या आदल्या वर्षी. दोन्ही पाठोपाठ लावा. पहिल्यात तो रस्त्यावरून जाणारा माणूस वाटतो आणि दुसऱ्यात कापडात गुंडाळलेला.

ही गाणी जमा केली कोणी हे कुतूहल असेल तर दोन नावं: जॅक थॉर्प, ज्याने 1908 मधे न्यू मेक्सिकोत छोटंसं पुस्तक छापलं, आणि जॉन लोमॅक्स, 1910. थॉर्पचं स्वतःचं लिटल जो द रँगलर हे गाणं इतकं पसरलं की लोक त्याला लोकगीतच समजायला लागले.

6. पडद्यावरचे गाणारे काउबॉय

1930 च्या दशकात हॉलिवूडला काउबॉयच्या हातात गिटार द्यायची कल्पना सुचली. जीन ऑट्री आधी ओक्लाहोमात रेल्वेच्या तारऑफिसात होता. रॉय रॉजर्सचं खरं नाव लेनर्ड स्लाय, गाव सिनसिनाटी, ओहायो. बॉब नोलन तर कॅनडात जन्मलेला. म्हणजे ट्रेलवरून आलेलं कोणीच नाही, पण म्हणून नाक मुरडू नका. स्लाय, नोलन आणि टिम स्पेन्सर यांनी 1933 मधे जो ग्रुप सुरू केला तोच पुढे सन्स ऑफ द पायोनिअर्स झाला, आणि त्यांची तीन आवाजांची सुरावट आजही ऐकली की अंगावर काटा येतो. टम्बलिंग टम्बलवीड्स लावा, मग त्यांचं कूल वॉटर लावा, मग परत मार्टी रॉबिन्सचं. तेच गाणं, पण यांच्याकडे वाळवंट मोठं वाटतं आणि त्याच्याकडे तहान.

ऑट्रीचं बॅक इन द सॅडल अगेन एकदा ऐकलंत तरी चालेल, मला तो फार गोड वाटतो. पॅट्सी मोंटाना मात्र ऐकाच, 1935 चं आय वाँट टू बी अ काउबॉइज स्वीटहार्ट, काय यॉडल करते बाई, म्हणजे आवाज झटकन खालून वर उडवत गाते!

यॉडलवरून आठवलं, ते आपल्याला परकं नाही. मिसिसिपीचा जिमी रॉजर्स आणि न्यूझीलंडचा टेक्स मॉर्टन यांच्या रेकॉर्ड ऐकून किशोरकुमारने यॉडलिंग उचललं असं सांगतात. जिमी रॉजर्सची ब्लू यॉडल मालिका ऐकताना मधेच किशोरकुमारचं गाव खांडवा आठवलं तर दचकू नका. एडी अर्नल्डचं 1955 चं कॅटल कॉल लावलं तर यॉडल किती शांत असू शकतं तेही कळेल.

7. सिनेमाची गाणी, आणि इथला सापळा

1952 च्या हाय नूनमधे टेक्स रिटरच्या आवाजातलं गाणं सिनेमाभर तुकड्यातुकड्याने वाजत राहतं, त्याला ऑस्कर मिळालं, आणि मग प्रत्येक वेस्टर्नला शीर्षकगीत पाहिजेच झालं. फ्रँकी लेन हा शिकागोचा गायक त्यातला बादशहा, चाबकाच्या आवाजासकट रॉहाइड या टीव्ही मालिकेचं गाणं त्याचंच.

सापळा असा की शोधता शोधता तुम्ही एन्यो मोरिकोनेकडे पोचता. मोरिकोने थोरच, पण ते इटालियन सिनेमाचं पार्श्वसंगीत आहे, 1964 पासूनचं, त्यात गोष्ट सांगणारा गायक नाही. शोले बघून वाढलेल्या आपल्या कानांना वेस्टर्न म्हटलं की तोच आवाज अपेक्षित असतो, आणि मग बॅलड सपक वाटायला लागतात. त्याची वेगळी प्लेलिस्ट करा, यात मिसळू नका.

8. एक गाणं, अनेक आवाज

घोस्ट रायडर्स इन द स्काय घ्या. स्टॅन जोन्सने 1948 मधे लिहिलं, हा डेथ व्हॅलीत पार्क रेंजर होता. म्हातारा काउबॉय आभाळात बघतो तर लाल डोळ्यांची, पोलादी खुरांची गुरं धावतायत आणि त्यांच्यामागे मेलेल्या काउबॉयांची भुतं, आणि त्यातला एक त्याला हाक मारून सांगतो की सुधर, नाहीतर तूही यात येशील. 1949 मधे व्हॉन मन्रोचं व्हर्जन पहिल्या नंबरवर गेलं, जॉनी कॅशचं आलं 1979 मधे. मन्रो वरून, दरबारी आवाजात गातो, कॅश गातो तेव्हा त्याला ती हाक आधीच येऊन गेलीये असं वाटतं. असं दोन-तीन व्हर्जन पाठोपाठ ऐकायची सवय लागली की कान फार लवकर तयार होतो, कुठल्याही लेखापेक्षा.

कॅशचंच डोन्ट टेक युअर गन्स टू टाउन पण इथेच ऐकून घ्या. आई सांगते बंदूक गावात नेऊ नकोस, पोरगा नेतो. पुढचं तुम्हाला कळलंच. त्याचा 1965 चा बॅलड्स ऑफ द ट्रू वेस्ट हा अल्बम मधे मधे बोलून गोष्टी सांगणारा आहे, तो सगळ्यांना झेपत नाही, नंतर घ्या. विली नेल्सनचा 1975 चा रेड हेडेड स्ट्रेंजर मात्र आत्ताच घेतला तरी चालेल, अख्ख्या अल्बमची मिळून एकच गोष्ट, बायकोला मारलेल्या एका धर्मोपदेशकाची, आणि वाद्यं इतकी कमी की खोली रिकामी वाटते.

9. हे संपलेलं नाहीये

नेवाडातल्या एल्कोला 1985 पासून काउबॉय कवींचं संमेलन भरतं, ऐन हिवाळ्यात, जेव्हा रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मवर, कामं कमी असतात. तिथले व्हिडिओ बघा, खरे गुराखी स्टेजवर कविता म्हणतात. कॅनडाच्या अल्बर्टातला इयन टायसन स्वतः रोडिओ, म्हणजे उसळत्या घोड्या-बैलांवर बसायचा खेळ, खेळलेला आणि रँच चालवलेला, त्याचा काउबॉयोग्राफी हा अल्बम म्हणजे आधुनिक काउबॉयचं जग. डॉन एडवर्ड्सचं कोयोटीज हे ग्रिझली मॅन या माहितीपटाच्या शेवटी आहे, तिथे बघितलंत तर आधी रुमाल जवळ ठेवा. डॉम फ्लेमन्सने 2018 मधे काळ्या काउबॉयांच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला, पाचव्या पायरीतलं गुडबाय ओल्ड पेंट त्यात सापडेल.

आणि कोल्टर वॉल. कॅनडातल्या सस्कॅचवानचा, जन्म 1995 चा आणि आवाज सत्तरीचा. त्याच्या साँग्ज ऑफ द प्लेन्समधे नाइट हर्डिंग साँग आहे, तेच रात्रीच्या पाळीचं, वाद्याशिवाय. पाचवी पायरी करून मग ऐका, आधी ऐकलंत तर पुढचं गाणं लावाल.

10. गायचं असेल तर

बऱ्याच जणांकडे घरात गिटार धूळ खात असते म्हणून हे. स्ट्रीट्स ऑफ लरेडो दोन कॉर्डवर भागतं, डी आणि ए, तीनच्या ठेक्यात, उजव्या हाताने पहिल्या ठोक्याला जाड तार आणि पुढच्या दोनला बारीक तारा एकत्र. टम्बलवीड्स सोपं वाटतं पण त्यात सूर अर्ध्या अर्ध्या पायरीने घसरतो, तिथे नवीन माणूस बेसूर होतोच, घाई करू नका. एल पासो गायला घेतलंत तर कॉर्ड सोपे आहेत पण कडवी पाठ करताना दमछाक होते, तिथे गोष्टीच्या क्रमाने पाठ करा: कॅन्टिना, भांडण, मागचं दार, घोडा, न्यू मेक्सिको, परत. ग्रेडी मार्टिनचे मधले तुकडे सुरुवातीला वाजवायला जाऊच नका, ते दुसऱ्या कोणाला तरी वाजवू द्या.